स्ट्रक्चरल बायोलॉजीचं सॉफ्टवेअर लिहायचं म्हणजे काय? सांगली-मिरजेतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी सांगलीत विश्रामबागेतल्या घरी बसून प्रथिनांच्या रचना शोधणारं सॉफ्टवेअर लिहिते. त्याआधी पुण्यात आणि मग इंग्लंडात हेच केलं. लग्नाच्या पंगतीत, शंभर फुटी रस्त्यावर भेळ खाताना लोक तेच ते विचारतात. वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजांतली मुलं-मुली मेसेज करतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवते.

ताई, तुम्ही नक्की काय करता?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती घड्या पडून ठराविक आकार घेते, आणि तिचं काम त्या आकारावर ठरतं. औषध नेमकं कुठे जाऊन बसेल, हेही त्यावरच. हा आकार साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, कारण अणू हा प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा हजारो पटींनी लहान असतो. म्हणून एकतर प्रथिनाचे स्फटिक करून त्यांच्यावर क्ष-किरण सोडतात, नाहीतर प्रथिनाचं द्रावण झटक्यात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. पहिल्या रीतीत हाती ठिपके येतात, दुसऱ्या रीतीत निव्वळ गोंगाटासारखी करडी चित्रं. त्यातून अणूंच्या जागा काढून देणारे प्रोग्रॅम कुणीतरी लिहावे लागतात. ते लिहिणाऱ्यांपैकी मी एक.

हे काही काल-परवाचं खूळ नव्हे. १९५८ मध्ये जॉन केंड्रू यांच्या गटाने मायोग्लोबिनची पहिली ढोबळ रचना काढली, ती केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर हिशेब करून. प्रथिनाची रचना पहिल्यांदा दिसली तेव्हापासून सॉफ्टवेअर सोबत आहे.

ठिपक्यांतून आकार कसा निघतो? गणित फार अवघड असतं का?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिलंय का? तारेखाली सुताचा धागा जरासा सरकवला की एकच तार एकदम भरून बोलते. त्या एका आवाजात मूळ स्वर असतो, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर असतात. कोणता किती जोरात, हे बदललं की तंबोऱ्याचा रंग बदलतो. एका आवाजाचे असे सुटे स्वर काढणं, किंवा सुट्या स्वरांतून पुन्हा आवाज उभा करणं, याला फूरिए रूपांतर म्हणतात. आमच्या सगळ्या कामाचा पाया हाच. स्फटिकावरून परतलेला प्रत्येक ठिपका म्हणजे एक सुटा स्वर, आणि सगळे मिळवले की रेणूची इलेक्ट्रॉन घनता उभी राहते.

घोळ इथेच आहे. ठिपका किती तेजस्वी, एवढंच मोजता येतं. तो स्वर नेमक्या कोणत्या क्षणी उठला, म्हणजे त्याची कला (फेज) काय, ते मोजताना हरवतं. आपल्या कानाला त्याचं फारसं काही वाटत नाही, तंबोरा तंबोऱ्यासारखाच ऐकू येतो. पण रेणू उभा करताना तीच माहिती सर्वांत मोलाची. तेजस्विता बरोबर आणि कला चुकीच्या घेतल्या तर भलतंच चित्र तयार होतं. हिला कलेची समस्या म्हणतात. ती सोडवण्यात माणसांनी आयुष्यं घातली आणि क्रिस्टलोग्राफीतलं, म्हणजे स्फटिकांवरून रचना काढण्याच्या शास्त्रातलं, कितीतरी सॉफ्टवेअर तिच्यापायी जन्माला आलं.

गोठवलेल्या नमुन्यांची, म्हणजे क्रायो-ईएमची, अडचण निराळी. तिथे कला हरवत नाही, पण जास्त इलेक्ट्रॉन मारले तर प्रथिन जळतं, म्हणून चित्र अगदी फिकं घ्यावं लागतं. मग एकाच प्रथिनाची लाखो फिकी चित्रं, प्रत्येक वेगळ्या बाजूने पडलेलं. कोणतं कोणत्या बाजूचं, ते ओळखून, जुळवून, सरासरी काढायची. या पद्धतीसाठी डुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यातले योआखिम फ्रँक ओळखले जातात ते मुख्यतः चित्रं जुळवण्याच्या संगणकीय पद्धतींसाठी. सॉफ्टवेअरवाल्यांनी हे आवर्जून सांगावं, म्हणून सांगितलं.

गणित किती? रेषीय बीजगणित, फूरिए, संभाव्यता. डिप्लोमा-इंजिनिअरिंगला एम-थ्रीमध्ये, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, पास होण्यापुरतं जे केलं, तेच आता समजून करायचं.

बायोइन्फॉर्मॅटिक्स म्हणजे हेच ना?

चुलत भाऊ. तिकडे बहुतेक वेळ जनुकांच्या आणि प्रथिनांच्या अक्षरांच्या साखळ्या हाताळतात, इकडे त्रिमितीतले अणू आणि प्रतिमा.

अल्फाफोल्डने सगळं सोडवलं म्हणतात. मग आता यात काय उरलं?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि रास्तही. अल्फाफोल्ड म्हणजे अमिनो आम्लांच्या माळेवरून प्रथिनाचा आकार ओळखणारा एआय प्रोग्रॅम. आकार ओळखण्याच्या २०२० च्या कॅस्प स्पर्धेत त्याने सगळ्यांना थक्क केलं, २०२२ पर्यंत वीस कोटींवर प्रथिनांचे अंदाज खुले झाले आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलात अल्फाफोल्डचे हसाबिस आणि जंपर, सोबत नवी प्रथिनं रचणारे बेकर, यांची नावं आली. मीही त्या आठवड्यात दोन रात्री नीट झोपले नव्हते.

पण अल्फाफोल्ड शिकलं कशावर ते पाहा. प्रोटीन डेटा बँक (पीडीबी), म्हणजे प्रथिनांच्या रचनांचा साठा, १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनी सुरू झाली, २०२३ मध्ये तिने दोन लाखांचा टप्पा ओलांडला. या सगळ्या रचना प्रयोगातून आल्या आणि प्रत्येक रचना कुणाच्या ना कुणाच्या प्रोग्रॅममधून गेली. अल्फाफोल्ड त्याच अन्नावर वाढलं. शिवाय ते देतं तो अंदाज. औषध चिकटल्यावर प्रथिन कसं वळतं, पेशीत दहा प्रथिनं एकत्र आली की काय होतं, हे तपासायला प्रयोग लागतोच.

गंमत म्हणजे वर सांगितलेली कलेची समस्या सोडवायला आता अल्फाफोल्डचाच अंदाज पहिला आराखडा म्हणून वापरतात. त्यासाठी त्या अंदाजातला भरवशाचा भाग ठेवायचा, डळमळीत शेपट्या छाटायच्या, तुकडे वेगळे करायचे. हे करणारे प्रोग्रॅम कुणीतरी लिहिले. काम संपलं नाही, काम सरकलं.

बारावीला जीवशास्त्र सोडलं होतं. चालेल?

चालेल. या क्षेत्रात भौतिकशास्त्राची माणसं जीवशास्त्रवाल्यांपेक्षा कमी नाहीत. आपले जी. एन. रामचंद्रन मुळात भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासोबत मद्रासमध्ये हिशेब मांडला, की प्रथिनाच्या कण्यातले दोन कोन कसेही वळवले तर अणू एकमेकांवर आपटतात. न आपटता जमतील असे कोन थोडेच. १९६३ मध्ये तो आलेख छापून आला. आज जगात कुठेही कुणी नवी रचना डेटा बँकेत जमा करू लागलं, तर तपासणीत रामचंद्रन आलेख निघतोच. मी पहिल्यांदा परदेशात गेले तेव्हा माझं आडनाव उच्चारता न येणारी माणसं दिवसातून वीस वेळा ‘रामचंद्रन’ म्हणत होती.

आणि उलट? मी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीची. कोडिंग येत नाही.

शिकता येतं, आणि माझ्या मते तुमचा रस्ता जास्त बरा आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला प्रयोगशाळेतली माणसं कशी वैतागतात ते माहीत नसतं. स्फटिक धरला नाही म्हणून सहा महिने वाया गेलेल्या मुलीला ‘इनपुट चुकीचं’ एवढाच संदेश दाखवणारा प्रोग्रॅम लिहायची हिंमत तुमची होणार नाही.

कोणती भाषा शिकू?

आधी पायथन, मग सी++. फोर्ट्रान वाचता आली तर जुन्या खोलीची किल्ली हातात. ब्रिटनचा सीसीपीफोर हा क्रिस्टलोग्राफीच्या प्रोग्रॅमचा संच १९७९ पासून चालू आहे, त्यात आजोबांच्या वयाचा कोडही सापडतो. चित्रांच्या कामासाठी जीपीयूवरचं (ग्राफिक्स कार्डावरचं) प्रोग्रॅमिंग पुढे लागेल. भाषेवरून वाद घालत बसू नका, तो चहाच्या टपरीपुरता ठेवा.

सुरुवात नेमकी कुठून करू? कोर्स सांगा.

कोर्स सांगत नाही, एक फाइल सांगते. डेटा बँकेतून हिमोग्लोबिनची एक पीडीबी फाइल उतरवा. ती साधी मजकुराची फाइल आहे, वहीसारखी उघडते. प्रत्येक अणूची एक ओळ. आता पायथनमध्ये कोणतीही तयार लायब्ररी न घेता ती वाचा आणि दर दोन साखळ्यांमध्ये कोणते अणू एकमेकांजवळ आहेत ते काढा.

तुम्ही पहिल्यांदा काय कराल ते मला आताच माहीत आहे. ओळ रिकाम्या जागांवर तोडाल. सगळ्यांनी तेच केलंय, मीही. हिमोग्लोबिनला चालून जाईल, आणि मग एखाद्या मोठ्या रचनेवर प्रोग्रॅम आपटेल. कारण या फाइलचं रूप पंचकार्डांच्या काळातलं, ऐंशी रकान्यांचं. अणूच्या जागेतला एक्सचा आकडा ३१ ते ३८ या रकान्यांत, वायचा ३९ ते ४६ मध्ये. आकडा उणे शंभरच्या खाली गेला की मधली जागा संपते आणि दोन आकडे चिकटतात. रकाने मोजून तोडायचं, रिकामी जागा बघून नाही.

त्याहून गोड सापळा पुढे आहे. अणूचं नाव १३ ते १६ या रकान्यांत असतं. ‘सीए’ ही दोन अक्षरं १४ व्या रकान्यापासून सुरू झाली तर तो प्रथिनाच्या कण्यातला अल्फा कार्बन, १३ व्यापासून सुरू झाली तर कॅल्शियम. फरक फक्त एका रिकाम्या जागेचा. ती जागा तुम्ही पुसून टाकलीत तर प्रथिनाच्या प्रत्येक कडीत कॅल्शियम. एकाने माझ्याकडे असा प्रोजेक्ट आणला होता, निष्कर्षात ‘कॅल्शियमने समृद्ध प्रथिन’ असं लिहून. हसू नका, दोन दिवस त्याला झोप लागली नाही.

अणूच्या अनुक्रमांकाला पाचच रकाने, म्हणजे ९९,९९९ नंतर जागा नाही. रायबोसोमसारखे अवाढव्य रेणू त्यामुळे तुकडे करून अनेक फाइलींत ठेवावे लागत. म्हणून २०१४ पासून एमएमसीआयएफ हे नवं रूप प्रमाण धरलं जातं. तुमचा प्रोग्रॅम दोन्ही वाचू लागला, एकाच अणूच्या दोन पर्यायी जागा आणि ‘५२’ नंतर ‘५२ए’ असे क्रमांकही पचवू लागला, की पन्नास तासांच्या व्हिडिओंत मिळालं नसतं ते शिकून झालं. मग बायोपायथन ही तयार लायब्ररी उघडा आणि त्यांनी हेच कसं सोडवलंय ते वाचा. त्या क्रमाने, उलट नाही.

हळदीवर प्रोजेक्ट करू का? कर्क्युमिनचं डॉकिंग?

सांगलीतून येणारा हा खास प्रश्न. वर्षाला निदान पाच-सहा. मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, घरात हळद, आजीच्या बटव्यात हळद, तेव्हा ओढ समजते. पण ऐका.

डॉकिंग म्हणजे लहान रेणू प्रथिनाच्या खोबणीत कसा बसेल, याचा संगणकावर केलेला अंदाज. ऑटोडॉक व्हिना नावाचा मोफत प्रोग्रॅम घेऊन कॉलेजच्या संगणकावर तो अर्ध्या तासात होतो. तो कोणत्याही दोन गोष्टी दिल्या तरी आकडा देतो; जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट असं धरतात. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा रेणू, लांबट, लवचीक, दोन्ही टोकांना हायड्रोजन बंध धरणारे गट, त्यामुळे ते जवळपास कुठेही ‘छान बसतं’. आकडा उणे आठ आला म्हणून कर्करोगाचं औषध सापडलं, असं होत नाही. प्रयोगशाळेतही कर्क्युमिन भल्याभल्यांना चकवतं. ते पाण्यात नीट टिकत नाही, स्वतः चमकतं, अनेक चाचण्यांमध्ये खोटा होकार देतं. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात या विषयाचा सविस्तर पंचनामा आला आहे.

हळदीवरच करायचं असेल तर प्रश्न फिरवा. ज्या रचनांमध्ये औषध प्रत्यक्ष बसलेलं दिसतंय अशा वीस रचना घ्या, औषध बाहेर काढा, डॉकिंगने परत बसवा आणि किती वेळा ते मूळ जागी बसलं ते मोजा. मग त्यात कर्क्युमिन घाला, आणि बरोबर ज्यांचा काही संबंध नाही असे दहा रेणूही घाला. प्रोग्रॅमला फरक कळतो का? असा प्रोजेक्ट मी शेवटच्या पानापर्यंत वाचेन.

प्रोग्रॅममध्ये चूक राहिली तर काय होतं?

बँकेच्या ॲपमध्ये चूक झाली तर लोक लगेच ओरडतात. आमच्याकडे कुणीच ओरडत नाही, हीच भीती. चुकीचं उत्तरही सुंदर रंगीत आकृतीच्या रूपातच येतं.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या गटाला पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. डेटा हाताळणाऱ्या, प्रयोगशाळेपुरत्याच वापरात असलेल्या एका लहानशा प्रोग्रॅममध्ये दोन स्तंभांची अदलाबदल झाली होती. त्यामुळे घनतेचा नकाशा आरशातल्यासारखा उलटा झाला, आणि त्यावर बांधलेली प्रथिनांची रचनाही. दुसऱ्या गटाने तशाच एका प्रथिनाची रचना काढली, ती जुळेना, तेव्हा पाच वर्षांनी उलगडा झाला.

दुसरं उदाहरण क्रायो-ईएमचं. हजारभर चित्रं घ्या, ज्यांत फक्त गोंगाट आहे. प्रत्येक चित्र आइनस्टाइनच्या फोटोशी जास्तीत जास्त जुळेल असं सरकवा आणि सरासरी काढा. आइनस्टाइन दिसू लागतो! कुठूनही आलेला नाही, तुमच्याच अपेक्षेने काढलेला. म्हणून डेटाचे दोन भाग करून दोन्हींवर स्वतंत्रपणे काम करतात आणि शेवटी जुळतात का ते बघतात.

माझा निम्मा दिवस चाचण्या लिहिण्यात जातो. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने दुसरं काही बघावं, हे मी सरळ सांगते.

घरच्या लॅपटॉपवर होईल का?

फाइल वाचणं, डॉकिंग, पायमॉल किंवा कायमेराएक्समध्ये रेणू बघणं, सगळं होईल. क्रायो-ईएमचा पूर्ण डेटा होणार नाही. एका सूक्ष्मदर्शकातून दिवसाला टेराबाइटच्या हिशेबात चित्रं निघतात. शिकायला लहान नमुना-संच मिळतात. रिलायनसारखा प्रोग्रॅम खुला आहे, त्याचा कोड वाचायला तर जीपीयू लागत नाही.

आणि गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन, शिका. २०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या जुन्या घरात तळमजल्यावर पाणी शिरलं, त्यात माझा टेबलावरचा संगणक आणि बॅकअपची डिस्क, दोन्ही गेलं. बॅकअप त्याच टेबलाच्या खणात ठेवला होता, इतकी मी शहाणी. कोड तेवढा बचावला, कारण तो दूरच्या सर्व्हरवर होता.

नोकरी कुठे? पगार किती?

पुण्यात आयसर, एनसीसीएस आणि सी-डॅक, बंगळुरूत आयआयएससी आणि एनसीबीएस, इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र. परदेशात इंग्लंडमधलं हार्वेल, हिंक्सटन, केंब्रिज, अमेरिकेतलं बर्कली. औषध कंपन्या आणि त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. तिथे पगार आयटीच्या जवळ जातो.

संशोधन संस्थांत मात्र सुरुवात बेताची. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, वर घरभाडं. प्रकल्पावरची पदं वर्षा-दोन वर्षांच्या करारावर, आणि मुदत संपायच्या आधी तीन महिने पोटात गोळा. ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमारास या कामाला ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ असं नाव मिळालं आणि हळूहळू कायम पदं निघू लागली. आपल्याकडे अजून कोड लिहिणाऱ्याला ‘प्रोजेक्ट असोसिएट’ म्हणूनच घेतात. कामाला नाव नसलं की पदालाही बूड नसतं.

मुलीला कॅम्पसमधून हिंजवडीत चांगली ऑफर आहे. तिने हे कशाला करावं? (एका वडिलांचा प्रश्न)

काका, घरावर कर्ज असेल तर तिला आधी ऑफर घेऊ द्या. दोन-तीन वर्षं कंपनीत राहून शिस्तीत कोड लिहायला शिकलेली माणसं आम्हाला हवीच असतात, आणि तोवर शनिवार-रविवार खुल्या प्रकल्पांत हात चालू ठेवता येतो. आमच्याकडे येणारी निम्मी मंडळी अशीच वळसा घालून आली. घाई माझीही नाही, तिचीही नसावी.

पीएचडी लागतेच का?

स्वतःची पद्धत शोधून काढायची असेल तर हो. दुसऱ्याने शोधलेली पद्धत दहा हजार लोकांना वापरता येईल अशी बांधायची असेल तर नाही. दुसरं काम पहिल्यापेक्षा हलकं नाही, पण मान कमी.

यात नाव होतं का?

मैफलीच्या पत्रिकेवर गायकाचं नाव असतं, तबलजीचं असतं. तंबोरा कुणी घडवला, ते नसतं. पंढरपूरकडचा भोपळा निवडून, वाळवून, महिनोन्महिने हात फिरवून कुणीतरी तो केलेला असतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीतल्या लोकांना निदान गावाच्या नावाने ओळख मिळाली.

आमचंही तसंच. रचना छापून येते, तिच्या पद्धतीच्या परिच्छेदात प्रोग्रॅमचं नाव एका ओळीत येतं, कधी तेही राहतं. वॉरेन डिलानो यांनी २००० मध्ये पायमॉल लिहिलं, कोड खुला ठेवला. २००९ मध्ये ते अकाली गेले. आज जीवशास्त्राच्या पुस्तकांत दिसणारी किती चित्रं त्यातून निघतात, आणि किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे? मला राग येतो, खोटं कशाला बोलू. पण एखाद्या निबंधातली आकृती पाहून ‘ही वळणं माझ्या कोडने काढली’ हे जे आपल्यालाच कळतं, त्याची सवय लागते.

खुल्या प्रकल्पात मला कोण घेणार?

कुणी घेत नाही, आपण शिरायचं. प्रोग्रॅम चालवा, जिथे अडलात ते नेमकं लिहून कळवा: कोणती आवृत्ती, कोणती फाइल, काय अपेक्षित होतं, काय झालं. अशा दोन चांगल्या तक्रारींनंतर माणसं तुम्हाला नावाने ओळखतात. मग कागदपत्रांतली चूक सुधारा, मग एखादी चाचणी लिहा. गुगल समर ऑफ कोडमध्ये एमडीॲनालिसिससारखे, रेणूंच्या हालचाली तपासणारे प्रकल्प नवख्यांना काम देतात, पैसे गुगल देतं. तिथे निवड होते ती आधीपासून दिसलेल्या मुलांची.

इंग्रजी कच्चं आहे.

माझंही होतं. बोलायचं नंतर बघू, तक्रार नेमकी लिहिता आली पाहिजे.

तुम्हाला भेटायला आलो तर चालेल का?

रविवारी सकाळी दहानंतर, आधी मेसेज करून. बायोडेटा नको. ज्या फाइलवर तुमचा प्रोग्रॅम आपटतो ती फाइल घेऊन या. चहा मी करीन.